दुसरा हात कशासाठी?

मिरजेच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबांच्या लाखेच्या रेकॉर्डी तिच्यात उभ्या रचून ठेवल्या आहेत : नाटकातली पदं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर. खालच्या कपाटात मामांच्या एलपी, आणि पुण्याला माझ्याकडे मी जमवलेल्या. हे सगळं गाणं एकाच यंत्रावर नीट वाजावं म्हणून मी गॅरार्ड ३०१ हे टर्नटेबल घेतलं. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात बनलेलं हे यंत्र १९५४ मध्ये बाजारात आलं. मोटर, चकती आणि वेगाचे खटके एवढंच कंपनी विकायची. खालची बैठक, म्हणजे प्लिंथ, ज्याची त्याने करून घ्यायची आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, आपल्या पसंतीचा बसवायचा. म्हणून ३०१ घरी आलं की पहिला प्रश्न येतो तो हात किती आणि कुठे, हाच.

मी तीन हातांचा आराखडा काढला आणि तो घेऊन मिरजेला मामांकडे गेले. मामांनी पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टूलरूम सांभाळली. प्लिंथ त्यांच्याच हातून व्हावी अशी माझी इच्छा होती. काम सुरू होण्याआधी दोन दिवस आमचं बोलणं झालं. ते इथे मांडते आहे, कारण त्या बोलण्यात माझा आराखडा बदलला आणि थोडे मामाही बदलले.

पहिला दिवस

मामा : आराखडा सुबक काढलायस. पण तीन हात कशाला गं? रेकॉर्ड एका वेळी एकच वाजणार.

मी : एकच वाजणार मामा, पण प्रत्येकीची खाच निराळी. आजोबांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, रेकॉर्डींची खाच रुंद. तिला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. १९४८ मध्ये एलपी आली ती बारीक खाच घेऊन, तिला २५ मायक्रॉनची सुई. पुढे दहा वर्षांनी स्टिरिओ आलं आणि टोक आणखी बारीक झालं, १५ ते १८ मायक्रॉन. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथली धूळ वाचते. गाणं असतं खाचेच्या भिंतींवर.

मामा : म्हणजे भोक वेगळं, तर त्याचं गेज वेगळं. पटलं. पण गेज बदलायचं म्हणून कोणी मशीन बदलत नाही. टोनआर्मच्या पुढचं ते हेडशेल चार पिनांचं असतं, कॉलर फिरवली की सुटून हातात येतं. तीन हेडशेल घे, प्रत्येकात सुईचं एकेक कार्ट्रिज बसव. हात एकच पुरे.

मी : मिरजेत राहून तुम्ही असं म्हणता? सतारमेकरांच्या गल्लीत बायकांच्या पट्टीचा तंबोरा वेगळा बांधतात, पुरुषांच्या पट्टीचा वेगळा. एकाच तंबोऱ्याच्या तारा चढवून-उतरवून दोन्ही पट्ट्या काढायला गेलं तर जवारी बोलत नाही.

मामा : तंबोऱ्याचा भोपळा, तारांची जाडी, सगळं त्या पट्टीसाठी निवडलेलं असतं. तुझ्या टोनआर्ममध्ये तसं काय आहे ते सांग.

मी : वजन आहे. कार्ट्रिजमधली सुई लवचिक रबरावर तोललेली असते, म्हणजे ती एक स्प्रिंगच. हाताचं आणि कार्ट्रिजचं मिळून वजन त्या स्प्रिंगवर डोलतं. हे डोलणं सेकंदाला ८ ते १२ वेळा असेल तर ठीक. त्याहून संथ झालं, तर वाकड्या रेकॉर्डचा चढउतार किंवा खोलीतल्या पावलांची धमक लागून हात हेलकावे खातो. फार जलद झालं, तर गाण्यातल्या खर्जाच्या जवळ जाऊन पोचतं.

मामा : आकडे दे. आकड्यांशिवाय मला दिसत नाही.

मी : डेनॉनचं डीएल-१०३ घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात तयार झालेलं कार्ट्रिज. वजन साडेआठ ग्रॅम, स्प्रिंग कडक. डोलताना दहा ग्रॅमइतका भार देणाऱ्या हातावर ते सेकंदाला साधारण अकरा-बारा वेळा डोलतं. उत्तम जोडी. आता तिप्पट मऊ स्प्रिंगचं, सहा ग्रॅमचं कार्ट्रिज वीस ग्रॅम भाराच्या जड हातावर लावा. डोलणं सहाच्या खाली उतरतं. कार्ट्रिज चांगलं, हातही चांगला, पण जोडी जमत नाही.

मामांनी पाठकोऱ्या कागदावर सूत्र लिहून घेतलं. वर्गमूळ दिसताच ते म्हणाले, “म्हणजे वजन चौपट केलं की डोलणं निम्म्यावर.” मग बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

मामा : हे कारण खरं आहे. पण यातून एक जड आणि एक हलका असे दोन हात निघतात, तीन निघत नाहीत. तू आधी काय निवडलंस, रेकॉर्डी, कार्ट्रिज की हात?

मी लगेच बोलले नाही. मी हात आधी निवडले होते. एक नऊ इंची, एक बारा इंची, आणि डाव्या अंगाला जागा उरत होती म्हणून तिसरा.

मामा : आणि हा बारा इंची का? नऊ इंचीत काय कमी आहे?

मी : मूळ तबकडी कापताना कापणारं हत्यार सरळ रेषेत मध्याकडे सरकतं. टोनआर्म मात्र एका धुरीभोवती फिरतो, त्यामुळे सुई कमानीत चालते आणि खाचेशी तिचा कोन बिघडतो. हेड तिरकं बसवून आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे नेऊन ही चूक दोन ठिकाणी शून्य करता येते, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये हे गणित मांडलं. बाकी सगळीकडे थोडी चूक राहतेच. हात लांब केला की कमान सपाट होते आणि ती चूक सुमारे पाव हिश्श्यानं कमी होते.

मामा : आणि लांबीबरोबर वजन वाढतं. एक मिळवताना दुसरं गेलं.

मी : हो. फुकट काहीच मिळत नाही.

संध्याकाळी मामांनी पुठ्ठ्याचे हात कापले. एसएमई ३००९ या नऊ इंची हातासाठी खुंटीपासून धुरीपर्यंत २१५.४ मिलिमीटर, ३०१२ या बारा इंचीसाठी २९५.६. तेवढ्या अंतरांवर टाचण्या टोचून त्यांनी पुठ्ठे चकतीवरून फिरवून पाहिले. कुठला हात कुठल्या हाताच्या वाटेत येतो ते कागदावरच्या रेघांत मला दिसलं नव्हतं. पुठ्ठ्यांनी ते दाखवलं. उजवीकडच्या धुरीची सुई आपल्या पुढ्यात उतरते. तीच धुरी मागे डावीकडे नेली की सुई चकतीच्या पलीकडच्या अंगाला उतरते.

मामा : रेकॉर्डला दिशा कळत नाही, अंतर तेवढं कळतं. पण तुझ्या मनगटाला दिशा कळते. पलीकडे ती नाजूक सुई ठेवायला तू बाकीच्या दोन हातांवरून हात नेणार. एक दिवस बाही अडकेल.

मी : मग तिसरा हात सुट्या खांबावर ठेवू. जड पितळी खांब, प्लिंथच्या शेजारी, तिला न टेकलेला. ३०१ ची मोटर रबरी चाकातून चकतीची कड घासून तिला फिरवते. त्या मोटरची घरघर लाकडातून हातापर्यंत पोचते. खांब सुटा असला की घरघरीची ती वाटच तुटते.

मामा : लेथचं टूलपोस्ट शेजारच्या टेबलावर ठेवलेलं कधी पाहिलंस? जॉब फिरतो तो आणि हत्यार धरलेलं असतं ते, दोन्ही एकाच बेडवर असतात. बेड हलला तर दोघं मिळून हलतात आणि माप टिकतं. तुझी सुई काय मोजते? चकतीच्या मानाने धुरी किती हलली ते. खांब सुटा ठेवलास, तर खांब आणि चकती यांच्यातली प्रत्येक थरथर तिला गाणंच वाटणार. खाचेतली बारीक नक्षी एका मायक्रॉनहूनही लहान असते म्हणालीस ना? मग त्या थरथरीला किती जागा उरली?

मी : आणि घरघर?

मामा : घरघर बैठकीतच मारायची. प्लायचे थर चिकटवून जाड ठोकळा करू, खाली कडाप्प्याची लादी. लाकूड आणि दगड वेगवेगळ्या सुरात वाजतात, एकाची थरथर दुसऱ्यात पुरती उतरत नाही. चकतीचं बेअरिंग आणि हाताची धुरी मात्र एकाच ठोकळ्यात.

या एका मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही. सुट्या खांबांवरची फार सुंदर वाजणारी यंत्रं मी ऐकली आहेत आणि तसं बांधणाऱ्यांचा अनुभव मला मोलाचा वाटतो. पण लेथच्या त्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

दुसरा दिवस

सकाळी मामांनी ट्रंक खाली उतरवली. टूलरूममधून निवृत्त होताना मिळालेलं दहापटीचं भिंग काढलं आणि एक ७८ची रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

मामा : बघ. मधल्या भागात खाच करडी दिसते, कडेला काळी. बाबा ग्रामोफोनवर पोलादी सुईनं वाजवायचे. ही झीज त्या सुईची आहे, आणि तीही भिंतीच्या ठरावीक उंचीवरच. आता तू ७८साठी एक हात ठेवलास, त्यावर ७० मायक्रॉनची सुई. ती नेमकी झिजलेल्या ठिकाणी टेकली तर?

मी : तर थोडी जाड सुई वर टेकवायची किंवा थोडी बारीक खाली. जिथे भिंत शाबूत आहे तिथे.

मामा : म्हणजे रेकॉर्डगणिक सुई बदलणार. मग ७८साठीच चार हात लावणार का? आणि वेगाचं काय? तूच सांगितलंस की आरंभीच्या काळी सगळ्या रेकॉर्डी काही ७८नेच मुद्रित होत नव्हत्या.

मी : नव्हत्या. ७४ने मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली तर स्वर जवळजवळ साडेपाच टक्क्यांनी चढतो. पांढरी पाचमधला गवई काळी चारमध्ये ऐकू येतो आणि ताना आहेत त्याहून चपळ वाटतात. ३०१ वर वेग थोडासा कमी-जास्त करता येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग तपासायची ७७ रेघांची चकती त्या उजेडात स्थिर दिसली तर वेग मिनिटाला ७७.९२ फेरे. तिथून पुढे कानानं जायचं. आणि आवाजातलं खर्ज-तार संतुलन १९५४च्या आरआयएए मानकाचं. त्याआधीच्या तबकड्यांना ते जसंच्या तसं लागू पडत नाही, ते वेगळं लावावं लागतं.

मामा : म्हणजे झीज, वेग, संतुलन. तुझे तीन हात यातला एकही प्रश्न सोडवत नाहीत. तुला हव्यात चार सुया, एक भिंग आणि कान. हे सगळं एका हातावर होतं.

मामांनी रेकॉर्ड पाकिटात सरकवली. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. तरी मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं.

मी : मामा, एका हातावर संध्याकाळभर काय होईल ते बघू. खाँसाहेबांच्या एका रेकॉर्डसाठी मी तीन सुया लावून पाहते. दर वेळी हेडशेल काढायचं. सुईवरचा भार अडीच ग्रॅमवरून चारवर न्यायचा. रेकॉर्ड जाड म्हणून हाताची उंची बदलायची.

मामा : उंचीचं एवढं काही नाही. नऊ इंची हातात एका अंशाला चार मिलिमीटर लागतात. रेकॉर्डींच्या जाडीत मिलिमीटरचाही फरक नसेल.

मी : ७८च्या गोल टोकाला त्याची पर्वा नाही. पण सगळं झाल्यावर मला मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी ऐकायची आहे. स्टिरिओची सुई परत लावायची, भार परत जुळवायचा, बैठकीवर हात अर्धा मिलिमीटर सरकला असेल तर तो दोन बिंदूंचा कोन परत मापायचा. कॉलर आवळताना हेडशेल केसभर तिरकं बसलं तर डाव्या-उजव्या भिंती सारख्या वाचल्या जात नाहीत. तासभर जाईल, आणि कंटाळून एक दिवस मी ते मापणं सोडून देईन. मग ना ७८ नीट वाजेल ना एलपी.

मामा : हं.

मी : दुसरा हात दुसऱ्या रेकॉर्डीसाठी नकोय मला. पहिल्या हाताला हात लागू नये, म्हणून हवाय.

मामा खिडकीबाहेर पाहत राहिले. बऱ्याच वेळाने बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

मामा : टूलरूममध्ये आमच्याकडे दोन हाइट गेज होते. एक रोजच्या मार्किंगला. सगळी पोरं वापरायची, पडायचं, घासायचं, आम्ही परत जुळवायचो. दुसरं मास्टर. त्याची पेटी बंद. रोजच्या गेजची खात्री करायला तेवढं उघडायचं. तू म्हणतेस ते हेच ना?

मी : हेच.

मामा : मग हे कालच सांगायचंस. सुयांच्या जाडीची आणि कमानीची कारणं सांगत बसलीस.

काल मला ते कारण सापडलंच नव्हतं. मामांनी एकेक कारण खोडून काढलं नसतं तर ते सापडलंही नसतं.

मग आम्ही कपाटातल्या एलपी जमिनीवर मांडून मोजल्या. मोनो निघाल्या फक्त चौदा.

मामा : या चौदांसाठी तिसरा हात?

मी : मोनोची खाच फक्त आडवी हलते. स्टिरिओ कार्ट्रिज उभं हलणंही वाचतं, म्हणून मोनो रेकॉर्डवर धुळीची खरखर जास्त येते. मोनोचं कार्ट्रिज ते उभं हलणं वाचतच नाही.

मामा : अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण आहे. दोन्ही बाजू एकत्र केल्या की उभं हलणं बऱ्यापैकी कटतं.

मी : बऱ्यापैकी. पण खरं मोनो कार्ट्रिज अधिक चांगलं. तरी त्याला हात नको, हेडशेल पुरे. बदलता हात आहेच.

अशी जागा ठरली. उजवीकडे नऊ इंची हात, त्यावर डीएल-१०३. एकदा जुळवला की त्याच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. मागे डावीकडे बारा इंची जड हात, सुटणाऱ्या हेडशेलचा, त्याच्यासाठी चार सुया आणि मोनोचं कार्ट्रिज. ७८ची दणकट सुई पलीकडच्या अंगाला उतरली तरी धोका कमी, आणि नाजूक सुई आपल्या पुढ्यात. दोन्ही हात एकाच ठोकळ्यात. लांब हाताचा कोनाचा फायदा स्टिरिओला मिळणार नाही. ते मला सोडावं लागलं आणि त्याची चुटपुट अजून आहे. तिसऱ्या हाताचं वर्तुळ मामांनी ठोकळ्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं काढून ठेवलं. भोक पाडलं नाही.

उत्तम यंत्र घडवताना माणूस यंत्राकडेच पाहत राहतो. कुठे किती बसेल, आणखी काय लावता येईल, हे प्रश्न मोह घालतात आणि त्यांची उत्तरं सापडली की काम झाल्यासारखं वाटतं. मला मिरजेत कळलं ते एवढंच : आपल्याकडे जे गाणं आहे त्यात कशाला एकदा जुळवून तसंच जपायचं आणि कशासाठी दर वेळी नव्याने जुळवत राहायचं, हे आधी वेगळं करावं. त्या दोन गोष्टींना दोन जागा हव्यात. हातांची संख्या त्यातून आपोआप ठरते. ज्याच्याकडे फक्त स्टिरिओ एलपी आहेत त्याला एक हात पुरतो, आणि तो गरीब ठरत नाही. ज्याच्याकडे आजोबांची ट्रंक आहे त्याला दुसरा हात लागतो, आणि ती चैन नव्हे.

प्लिंथला तीन आठवडे लागले. मामांनी तिला चपड्याचं पॉलिश केलं. चपडा म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. आजोबांच्या रेकॉर्डीही लाखेच्याच, दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेल्या. शेवटच्या दिवशी आम्ही नऊ इंची हात बसवला. दुपारभर मापत होतो : अंतर, भार, दोन बिंदूंवरचे कोन. सगळं जुळलं तेव्हा मामांनी पॉलिशची वाटी जवळ ओढली, काडीच्या टोकानं त्यातला एक थेंब उचलला आणि बैठकीच्या स्क्रूवर ठेवला. टूलरूममध्ये जुळवून झालेल्या स्क्रूवर असाच रंगाचा ठिपका देत, हलवला तर कळावा म्हणून. थेंब वाळायला दहा मिनिटं लागली. मग मामांनी ट्रंकेतली पहिली रेकॉर्ड काढली, भिंगातून पाहिली आणि दुसऱ्या हातासाठी सुई निवडायला बसले.